भोंगेवाल्या लहानूजींचा दगड

संपादकांचा फोन आला. "मिस्त्री, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यावर लिहा. सात-आठ पानं चालतील." मी म्हटलं, साहेब, जन्मभरात मी एका वेळी दहा-बारा ओळींच्या वर काही लिहिलेलं नाही, आणि त्या ओळीही दुसऱ्याच्याच. दगड संपला की आमचं लिहिणं संपतं. ते हसून म्हणाले, कागद हवा तेवढा आहे. आता ज्याला आयुष्यभर जागा पुरली नाही त्याला असं मोकळं रान दिल्यावर तो कुठवर जाईल याचा काही नेम नाही. दोष संपादकांचा आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी फलक कोरणारा. शाळा, समाजमंदिर, बसथांबा, पाण्याची टाकी, स्मशानशेड, भंडारा जिल्ह्यात जिथं जिथं "यांच्या शुभहस्ते" दिसेल त्यातले बरेच दगड माझ्या हातचे. खाली कोपऱ्यात वाकून माझं नाव शोधू नका, कोरणाऱ्याचं नाव कोणी टाकत नाही. माझे वडील गावोगाव फिरून जात्याला टाकी लावायचे, म्हणजे झिजलेलं जातं छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून द्यायचे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात पालथी पडली, तेव्हा वडिलांनी छिन्नी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दामू, पिठाचे दिवस गेले. आता नावाचा धंदा कर. लोकायले भातापेक्षा नावाची भूक जास्त हाये." वडील शाळेत गेले नव्हते, पण या बाबतीत त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे ताकदीचं काम आहे. ताकद लागते ती गिऱ्हाइकाशी बोलायला. कोरायला लागतो तो धीर. मजकूर आधी कागदावर मापानं काढायचा, खाली कार्बन ठेवून दगडावर उतरवायचा, मग दोन्ही बाजूंनी तिरकी खाच पाडत जायचं आणि शेवटी तिच्यात रंग भरायचा. दगडात खोडता येत नाही. आणखी खोल जाता येतं, आणखी रुंद करता येतं, भर टाकता येत नाही. चुकलं तर चुकीलाच कोरून दुसरं काही करायचं, नाहीतर अख्खा दगड घासायचा, नाहीतर उलटा करून मागची बाजू वापरायची. किती फलकांच्या पाठीवर जुने आमदार भिंतीकडे तोंड करून बसले आहेत ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

जिल्हा तुटला आणि गोंदिया वेगळा झाला तेव्हा कोणी पेढे वाटले, कोणी तोंड पाडून बसले. मी छिन्न्यांना धार लावली. पलीकडच्या प्रत्येक शाळेवर, दवाखान्यावर "जिल्हा भंडारा" कोरलेलं होतं, आणि त्यातलं निम्मं मीच कोरलेलं होतं. तिकडचे एक गुरुजी आले. म्हणे, "मिस्त्री, भंडारा काढा आन् गोंदिया टाका." मी म्हटलं, "गुरुजी, सरकारले जमलं, मले कसं जमन?" शेवटी संगमरवराची पट्टी कोरून वरून चिकटवून दिली. पहिल्याच पावसाळ्यात पट्टी गळून पडली आणि ती शाळा परत आमच्या जिल्ह्यात आली. गुरुजी तक्रार घेऊन आले नाहीत. बहुतेक त्यांनाही बरंच वाटलं असावं.

गिऱ्हाईक एकेक असं भेटलं म्हणता! आंबागडच्या बाजूच्या एका गावात सभामंडपाची कोनशिला बसवायची होती. सरपंच नावं आणत गेले. आज उपसरपंच, उद्या त्यांचे साळे, परवा वाळू देणारा. मी म्हटलं, जागा संपली. सरपंच म्हणाले, "मांगच्या बाजूनं कोरा न जी, तिकडे खाली हाये." मी समजावलं, दगड भिंतीत जाणार, मागचं कोण वाचणार? पण ऐकेल तो सरपंच कसला. कोरून दिलं. दगड भिंतीत गेला, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूचे सगळे पाहुणे भांडायला उठले. अखेर मागून भिंत फोडून तिथं खिडकीएवढं भगदाड पाडलं. आजही त्या मंडपात बसलं की पाठीमागून गार वारा येतो आणि गावचे लोक म्हणतात, हवेशीर बांधलाय.

आणि ते अड्याळचे किराणावाले! घराला "मातृछाया" असा दगड लावला. आई लेकीकडं गेली होती, ती परत आली, फाटकाशीच थबकली आणि नातवाकडून वाचून घेतलं. मग अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे, मी जिती हावो न! माही सावली कायले टांगून ठेवली?" दगड काढेपर्यंत म्हातारीनं घरात पाय ठेवला नाही. तो दगड अजून माझ्या दुकानात आहे, कोणाला पाहिजे असेल तर स्वस्तात देईन.

पण मला सांगायचं आहे ते लहानूजी मेश्रामांच्या दगडाबद्दल. गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याचं ठिकाण आहे, तिथं माझं दुकान आहे, आणि मला अजून तिथंच राहायचं आहे.

आमच्या नगरपरिषदेनं मोठ्या चौकाचं सुशोभीकरण काढलं. कारंजं बसवलं, त्याला पाणी नव्हतं. बाकं बसवली, त्यांना सावली नव्हती. मग ठरलं की चौकात कोणाचं तरी स्मारक पाहिजे. झालं, प्रत्येक नगरसेवकाचा एकेक पुढारी पुढं आला आणि दर बैठक हातघाईवर जाऊ लागली. आमचे अध्यक्षसाहेब हुशार. त्यांनी असं नाव काढलं की विरोधच करता येईना. म्हणाले, टेलिफोन नव्हता, पेपर दोन दिवसांनी यायचा, तेव्हा या गावाला खबर कोण द्यायचं? लहानूबा! नहराला पाणी कधी सुटणार, साखर कधी मिळणार, देवीची लस टोचणारे डॉक्टर कोणत्या झाडाखाली बसणार, कोणाची शेळी हरवली, कोणाची मयत कधी निघणार, हे सगळं गावाला एकदम सांगणारा पहिला माणूस तो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका प्राध्यापकांनी मजकूर लिहून दिला, "नगरीचे आद्य जनसंपर्क-प्रवर्तक". एवढी जोडाक्षरं कोरताना माझ्या दोन छिन्न्यांची टोकं गेली.

मजकुराच्या वर चित्र हवं होतं. अध्यक्षसाहेब स्वतः दुकानात आले.

"दामूजी, माणूस काढा. कमरेले डफडं, हातात दोन काड्या. दवंडी म्हटलं का डफडं आलंच."

मी या गावचा नाही. मी इथं दुकान टाकलं तेव्हा लहानूबा कधीचे गेले होते. तरी कानावर होतं म्हणून विचारलं, "साहेब, ते तर सायकलवर भोंगा घेऊन फिरत म्हणते लोक."

"फिरे न. मी स्वतः मांगं धावलो हावो त्या सायकलीच्या. पण भोंगा का कोणी दगडावर काढते? भोंगा तर भंगारवाल्याच्या गाडीवर पण राह्यते. डफडं म्हंजे संस्कृती!"

मी काढलं डफडं. खोटं कशाला बोलू, झकास काढलं. गोल गरगरीत, कडेनं ताणलेल्या चामड्याच्या वाद्या एकेक दिसाव्यात अशा. काळ्या दगडात ते इतकं उठून आलं की येणाराजाणारा बोटानं वाजवून बघायचा. मी आठवडाभर छाती पुढं काढून बसलो होतो.

तेवढ्यात भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून एक बाई आल्या. पांढरं पातळ, काखेत छत्री, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. पाहताक्षणीच कळावं की जन्म शाळेत गेला. दगडासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोण?"

"लहानूबा मेश्राम. गावचे पहिले दवंडीवाले."

"अस्सं? मी त्याची पोरगी. शेवंता."

मी खूश झालो. चहा सांगितला, बसायला स्टूल पुसून दिला, आणि मूर्खासारखा पुन्हा एकदा त्या वाद्यांवरून बोट फिरवून दाखवलं. बाईंनी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, डफडं पुसा."

"मॅडम, दगडात पुसता येत नाही."

"काहून नाही येत? मी जन्मभर फळा पुसला. द्या तो हातोडा इकडे."

आणि खरोखर उचलला हो हातोडा! मी दांडा धरला, त्यांनी डोकं धरलं, आणि भर रस्त्यावर आमची ओढाताण सुरू झाली. समोरचा चहावाला कप घेऊन तसाच उभा. शेवटी मी चिडून म्हणालो, "बाई, तुमच्या बापाचा मान होऊन राहिला, आन् तुमी फोडायले निघाल्या! काय दुश्मनी आहे तुमची त्याच्याशी?"

बाईंनी हातोडा सोडला, स्टुलावर बसल्या आणि चहा हातात घेतला. मग बोलल्या.

"ते डफडं त्याचं नव्हतंच, मिस्त्री. गावाचं होतं. आज्याच्या गळ्यात होतं म्हणून बापाच्या गळ्यात आलं. तुले वाजवायचं हाये का, असं त्याले कोणी विचारलं नाही. साहेबाचा हुकूम असो का पाटलाचं हरवलेलं वासरू, यानं उन्हातान्हात फिरायचं. मजुरी म्हंजे शिळं अन्न, तेही दुरून टाकलेलं. छप्पन साली नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. घरी आल्यावर पह्यलं काम काय केलं? डफडं चुलीत घातलं. चामडं जळलं का कसा वास येते, मले अजून याद हाये. माय ओरडे, का भात तर शिजू द्या आधी. बाप म्हणे, याच्यावरच शिजव. तो भात आम्ही खाल्ला. धुराचा वास मारत होता, पण एक शीत नाही टाकलं."

"मग?"

"मग काय, गाव बहिरं झालं! नहराले पाणी सुटलं, कोणाले मालूम नाही, धानाच्या बांध्या फुटल्या. डॉक्टर सुया घेऊन झाडाखाली एकटा बसला. बाजाराचा दिवस बदलला, तं अर्धं गाव चुकीच्या दिवशी टोपल्या घेऊन हजर. मग मोठी माणसं आली आमच्या दारी. लहान्या, वाजव बाबा. बाप म्हणे, डफडं तर आम्ही भाताबरोबर खाल्लं, आता कुठून आणू?"

मला हसू आलं. बाईही हसल्या.

"नागपूरले गेला, मंडप-लाइटवाल्याकडे राबला, तिथं सगळं शिकला. आला तं सायकल, बॅटरी आन् भोंगा घेऊन. सगळं सोताचं. आता त्याले बोलावणं करावं लागे. 'लहान्या' म्हटलं का ऐकू येत नसे. 'लहानूजी' म्हटलं का लगेच भोंगा सुरू. पोट्ट्यांनी लहानूबा म्हटलेलंही चाले. समजलं का मिस्त्री? गाव त्याले लहानूजी म्हणायले शिकलं ते भोंग्यानं. आन् तुमी त्याच्या गळ्यात परत डफडं बांधून राहिले."

माझं इतकं देखणं डफडं त्या क्षणी मला पाहवेना.

अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. "दामूजी, मुंबईहून मोठ्या पाहुण्यांची तारीख भेटली. कार्ड छापलं, कार्डावर डफडं हाये. माह्या भाषणात डफडं हाये, पाठ करून राहिलो मी ते. बाईले म्हणा, दगड लागू द्या, मंग पाहू." दगड एकदा लागल्यावर मग काय पाहणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी परत आलो, तर बाई स्टुलावर तशाच.

"काय म्हणते?"

"मंग पाहू म्हणते."

"ठीक. मी बसते."

आणि बसल्या! रोज सकाळी शहापूरहून यायचं, स्टुलावर बसायचं, दुपारी डबा उघडायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. मधल्या वेळात माझ्या दुकानातला एकेक दगड मोठ्यानं वाचायच्या. "ह्या माणसानं काय केलं म्हणून याचं नाव एवढं मोठं?" असं गिऱ्हाइकासमोर विचारायच्या. एक नगरसेवक स्वतःच्या बंगल्याचा फलक न्यायला आले, त्यांना म्हणाल्या, "तू चौथीत माह्या वर्गात होता न रे? पाढे येतात का आता?" नगरसेवक फलक न घेताच गेले. माझा धंदा बसायची वेळ आली.

त्यांना उठवायचा एकच मार्ग होता. मी दगडासमोर उकिडवा बसलो आणि डफड्याकडे टक लावली. पुसता येत नाही, ठीक. पण खोल जाता येतं. डफडं गोल. भोंग्याचं तोंडही गोल. मधलं चामडं कोरून आत आत नेलं, निमुळतं करत नेलं, तर? मी छिन्नी घेतली आणि माझ्या त्या लाडक्या डफड्याच्या पोटात मारली. पहिल्या घावाला जीव कळवळला, हे सांगतो. पण जसा आत जाऊ लागलो तसा भोंगा बाहेर येऊ लागला. कडेच्या चामडी वाद्यांतून भोंग्याच्या पन्हळ्या निघाल्या. वर उचललेल्या हातातली काडी जाड करून तिचा माइक केला. दुसरी काडी लांबवली, ती सायकलचं हँडल झाली. पायांखाली जागा मोकळी होती, तिथं चाकं बसवली.

सायकल समोर ठेवून काढावी म्हणून शेजारच्या कंपाउंडरच्या मुलीची मागून आणली होती. बाईंनी पाहिलं आणि कडाडल्या, "माहा बाप लेडीज सायकल चालवत नव्हता!" मी म्हटलं, दांडा पुसायचा असता तर अवघड होतं, नवा कोरायचा म्हणजे चार घावांचं काम. कोरला दांडा. मग त्या उठल्या, भोंग्याच्या तोंडात हात घातला, आतली भुकटी बोटांनी काढली आणि वर जोरात फुंकर मारली. डोळ्यांत गेली की काय कोण जाणे, बराच वेळ पदरानं डोळे पुसत होत्या.

अध्यक्षांना मी कळवलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि नाही म्हटल्यावर करणं बरं दिसलं नसतं. दगडावर जाड कापड बांधलं आणि चौकात उभा करून दिला.

समारंभाचा दिवस उजाडला. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, हार, सगळं जय्यत. फक्त माणसं नव्हती. पुढच्या ओळीत नगरपरिषदेचे कर्मचारी, त्यांच्या मागं एक झोपलेलं कुत्रं, आणि त्याच्या मागं खुर्च्याच खुर्च्या. दिवस बाजाराचा. एका गल्लीपलीकडं अख्खा तालुका भाजी घेत होता, आणि इकडं कोणी फिरकेना. अध्यक्षसाहेब घामाघूम.

"बडे बाबू, लोक कुठं हायेत?"

बडे बाबू म्हणजे नगरपरिषदेचे हेडक्लार्क. ते म्हणाले, "साहेब, कार्डं वाटली. बॅनर लावला. मोबाइलच्या ग्रुपवरही टाकलं."

"आन् दवंडी?"

बडे बाबूंना वाटलं होतं आरोग्य विभाग ऑटो फिरवणार, आरोग्य विभागाला वाटलं होतं पाणीपुरवठा. म्हणजे बघा! गावच्या दवंडीवाल्याचा समारंभ, आणि त्याची दवंडीच द्यायची राहिली. कुठल्या गावात असं झालं असेल तर मला कळवा.

फोन आला, पाहुण्यांच्या गाड्यांनी शहापूर सोडलं. धावाधाव झाली. बाजारातून आलूवाल्याचा ऑटो पकडून आणला, त्याच्यावर भोंगा होता. पण बोलणार कोण? आलूवाला म्हणे, मी बोलत नाही, माझी टेप बोलते. अध्यक्ष स्वतः चढायला निघाले, तर बडे बाबूंनी बाही धरली. "साहेब, तुमचा आवाज ऐकला तर लोक निवडणूक आली समजतीन, आन् दारं लावून घेतीन." तेवढ्यात शेवंताबाई छत्री आपटत पुढं आल्या.

"सरका. मी सांगतो म्हणा लोकायले."

आमच्याकडच्या बायका चिडल्या की 'सांगते' नाही, 'सांगतो'च म्हणतात. बसल्या ऑटोत आणि निघाल्या. आम्ही मंचावर कान देऊन उभे. बाजाराच्या बाजूनं आवाज आला, फळ्यासमोर जन्म घालवलेला, खणखणीत.

"ऐका जी, ऐका! मोठ्या चौकात लहानूजी मेश्राम यायच्या नावाचा दगड लागून राहिला. दगडावर लहानूजी हायेत, सायकल हाये, सायकलवर भोंगा हाये. डफडं नाही! नीट ऐका, डफडं नाही! ज्यायनं ज्यायनं त्यायचा भोंगा ऐकला, त्यायनं या!" आणि लगेच टेप, "आलू घ्या आलू, ताजे आलू!"

अध्यक्षसाहेबांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मी कारंज्याकडं पाहू लागलो.

"दामूजी, भोंगा कुठून आला?"

"खोल गेलो साहेब, तं निघाला."

"अबे, पण माह्या भाषणात डफडं हाये न!"

"आता गावात बाई सांगून राहिल्या. तुमी कापड काढलं आन् आत डफडं दिसलं असतं, तं लोक काय म्हणले असते?"

त्यांनी खिशातलं भाषण काढलं आणि पेनानं सपासप रेघा ओढू लागले. राजकारणात टिकतो तो माणूस असा असतो, मला त्यांचं कौतुकच वाटलं.

लोक येऊ लागले. बाजारातल्या बायका टोपल्यांसकट आल्या. काठ्या टेकत म्हातारे आले, एकमेकांना सांगत, अरे भोंगा म्हणते, आपला लहानूजीचा भोंगा. खुर्च्या भरल्या, लोक उभे राहिले. पाहुणे आले, गर्दी पाहून खूश झाले, दोरी ओढली, कापड पडलं. टाळ्या झाल्या त्या पाहुण्यांसाठी नव्हत्या, हे त्यांनाही कळलं असावं. मग अध्यक्षांचं भाषण. "या डफ... या भोंग्यानं आपल्या गावाले जागं केलं" असं तीन-चारदा अडखळत का होईना, तरून गेले. सायकलीची कल्पना आपलीच होती, असंही सांगून टाकलं.

शेवटी बडे बाबूंनी कुटुंबाच्या वतीनं दोन शब्द बोलायला शेवंताबाईंना बोलावलं. आवाज पार बसला होता. त्यांनी माइक हातात घेतला, पण नमस्कार नाही, माननीय नाही. दवंडी देतात तसंच सुरू केलं.

"ऐका जी. खबर ऐका. लहानूजी मेश्राम वारले."

मंडपात चुळबुळ झाली. कोणी तरी हसलंही.

"हसू नका. या गावात कोणी मेलं का बाप सायकल काढे. अमक्याची मयत निघून राहिली, चला. ज्यायनं त्याले दारात उभं केलं नाही त्यायचीही त्यानं सांगितली. तो गेला तेव्हा रोवणीचे दिवस होते, पाऊस धो धो, समदे बांध्यात. भोंगा घरी होता, बॅटरी भरून होती. सांगणाराच गेला होता. मी म्हटलं, मी सांगते. घरचे म्हणे, मयतीची खबर बाईमाणसानं नाही सांगत. मले भोंग्याले हात लावू नाही देल्ला. घरच्या घरी आम्ही चार माणसं घेऊन गेलो त्याले. साऱ्या गावाले ज्यानं बोलावलं, त्याच्यासाठी गावच आलं नाही. काहून का, कोणी सांगितलंच नाही. म्हणून आज सांगून राहिली. लहानूजी मेश्राम वारले."

माइक खाली ठेवला आणि मंचाच्या पायरीवर बसल्या. आता काय करावं कोणाला कळेना. टाळ्या वाजवाव्यात तर कशा वाजवणार?

तिसऱ्या ओळीतून एक म्हातारे उठले. सराफा गल्लीतले, पूर्वी कापडाचं दुकान होतं त्यांचं. काठी टेकत पुढं आले, म्हणाले, "बाई, मालूम पडलं होतं आमाले. लय उशिरानं पडलं. मंग आता कोणत्या तोंडानं जावं, म्हणून राहूनच गेलं." खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी पायरीशी खाली अंथरला आणि बाईंसमोर मान खाली घालून बसले, मयतीच्या घरी बसायला जातो तसे.

त्यांच्या मागून दुसरे आले. मग बाजारातल्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि बाईंभोवती येऊन बसल्या. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि सगळा चौक जमिनीवर बसला. अध्यक्षसाहेबही इस्त्रीची विजार सांभाळत खाली बसले. पाहुणे गळ्यात हार घेऊन एकटेच मंचावर उभे होते. इकडं तिकडं पाहिलं, हार काढला आणि तेही उतरून बसले. आलूवाल्यानं जाऊन टेप बंद केली. मी दगडाला टेकून बसलो.

थोड्या वेळानं त्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "काय झालं होतं वो त्यायले?"

आणि बाई सांगू लागल्या, सकाळी उठून चहा घेतला होता, तिथपासून.